चूक, गैर आणि अयोग्य

फोंड्याहून एका वाचकाने विचारलं आहे: शेजाऱ्याने जुन्या पायवाटेवर कुंपण घातलं, पंचायतीला अर्ज करायचा आहे. त्यात ‘हे चूक आहे’ लिहावं, ‘गैर आहे’ की ‘अयोग्य आहे’? अर्थ एकच ना?

एकच नाही. चूक होते; गैर केलं जातं. म्हणूनच ‘चुकून’ आहे, ‘गैर’ला तसं रूप नाही. देवस्थानच्या हिशेबात पाचशे रुपये कमी पडले आणि तुम्ही ‘बेरीज चुकली’ म्हणालात, तर खजिनदार पेन काढून आकडा सुधारतो. ‘गैरव्यवहार’ म्हणालात की तोच खजिनदार तावातावाने उठून उभा राहतो. रक्कम तीच, पण आता तुम्ही हेतूवर बोट ठेवलंत. अर्थात जोडशब्दांतलं प्रत्येक ‘गैर’ दोषी नसतं. अरबीतून फारसीमार्गे आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘दुसरा, परका’. त्यामुळे ‘गैरहजर’ म्हणजे नुसता हजर नसलेला, आणि गैरसमज तर भल्या माणसाचाही होतो. एकटं ‘गैर’ बहुधा प्रश्नात नाहीतर नकारात येतं: ‘त्यात गैर काय?’ ‘वावगं’ तर नकाराशिवाय सहसा घराबाहेरच पडत नाही.

अर्जात ‘चूक’ लिहिलंत तर ‘लक्षात आलं नाही हो’ म्हणायला शेजारी मोकळा. ‘अयोग्य’ मला मुळमुळीत वाटतो, सूचनाफलकावरचा. कुंपणाला परवानगी नसेल तर सरळ ‘बेकायदा’ लिहा. परवानगी असूनही तुमची वाट बंद होत असेल तर ‘अन्यायकारक’. ‘रास्त’ स्वतःच्या मागणीसाठी राखून ठेवा.

आता उलट बाजू. ‘बरोबर पाचला आला’ यात घड्याळ आहे, ‘योग्य वेळी आला’ यात गरज. फारसीत ‘बरोबर’ म्हणजे समान, समानावरून अचूक. कोकणीतलं ‘सारकें’ त्याच वाटेने गेलं, पण मराठी ‘सारखं’ मागेच राहिलं. कोकणीच्या सवयीने तुम्ही ‘हे सारखं नाही’ म्हणालात, तर पुणेकर विचारेल, ‘कशासारखं?’

आणि आपल्या देवळांतला कौल? उजवा म्हणजे होकार, डावा म्हणजे नकार. डावा लागला म्हणून विचारलेलं काम चूकही ठरत नाही, गैरही नाही. देवाची संमती नाही, एवढंच.