कॉस्मेटॉलॉजीत शिकण्यासारखे काय असते?

‘शास्त्र शाखेत उत्तम गुण मिळवणाऱ्या मुलीने लोकांच्या भुवया कोरत बसायचे, हे आम्हाला पटत नाही,’ असे एका वडिलांनी पहिल्याच भेटीत सांगितले. कॉस्मेटॉलॉजी, म्हणजे केस, त्वचा आणि नखे यांच्या निगेचे काम, शिकू इच्छिणारी ती मुलगी शेजारीच मान खाली घालून बसली होती. (ओळख पटू नये म्हणून या कुटुंबाचे तपशील बदलले आहेत.) मुलांच्या शिक्षणाविषयी सल्ला घ्यायला माझ्याकडे अशी तक्रार घेऊन अनेक पालक येतात आणि तिच्या मुळाशी बहुधा मुलीच्या कुवतीविषयीची शंका नसते, चारचौघांत सांगायचे काय, ही धास्ती असते.

मी वडिलांशी वाद घातला नाही. मुलीला तिच्याजवळची वही उघडायला सांगितले. सुट्टीतल्या एका वर्गात केस रंगवायला शिकताना तिने पेरॉक्साइडची तीव्रता, मिश्रणाचे प्रमाण आणि रंग ठेवण्याचा वेळ यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. एका पानावर लाल शाईत लिहिले होते : ‘पॅच टेस्ट ४८ तास आधी. खाज किंवा लाली दिसल्यास रंग लावायचा नाही.’ पॅच टेस्ट म्हणजे रंग आधी त्वचेच्या छोट्याशा भागावर लावून पाहणे. वडिलांनी ते पान वाचले आणि एवढी खबरदारी कशासाठी, असे विचारले.

त्या एका ओळीमागे या व्यवसायाचा बराच इतिहास आहे. केसांच्या अनेक कायमस्वरूपी रंगांत असणाऱ्या पॅराफेनिलिनडायअमीन या रसायनाची काही जणांना तीव्र ॲलर्जी असते. १९३०च्या दशकात अमेरिकेत ‘लॅश ल्युर’ नावाच्या पापण्यांच्या रंगामुळे काही स्त्रियांची दृष्टी गेली; तेथे १९३८मध्ये झालेल्या कायद्याने सौंदर्यप्रसाधने संघराज्य सरकारच्या देखरेखीखाली आणली, त्यामागे अशा घटनांचा मोठा वाटा होता. त्याही आधी युरोपात चेहरा गोरा दिसावा म्हणून शिशाचा पांढरा लेप लावला जात असे आणि तो विषारी होता. नटण्याची हौस प्राचीन इजिप्तमधल्या काजळाइतकी जुनी आहे; तिच्यासाठी रीतसर प्रशिक्षण घेण्याची पद्धत मात्र त्या मानाने अलीकडची. ॲनी मलोन या कृष्णवर्णीय उद्योजिकेने १९१८मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे पोरो कॉलेजची इमारत उभारली आणि केशसौंदर्याच्या या शिक्षणाने असंख्य स्त्रियांना स्वतःच्या कमाईचे साधन मिळाले.

कॉस्मेटॉलॉजी म्हणजे केस, त्वचा आणि नखे यांची निगा व शोभा यांचा, त्यांची रचना समजून घेऊन केलेला अभ्यास. केस कुरळे करण्याचेच उदाहरण मी मुलीच्या वडिलांना दिले. केसांतील केराटिन या प्रथिनाचे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांना जखडलेले असतात. थायोग्लायकोलेटसारखे रसायन ते बंध सोडवते, मग केसांना हवा तो आकार दिला जातो आणि पेरॉक्साइडने नवे बंध पक्के होतात. वेळ चुकली, तर केस तुटून हातात येतात. ‘म्हणजे हे रसायनशास्त्रच झाले,’ असे ते म्हणाले खरे, पण त्यांच्या स्वरात अजून थोडी कुरकुर होती, आणि ती स्वाभाविक होती.

या व्यवसायाची मर्यादाही मी तेवढ्याच स्पष्टपणे मांडली. त्वचारोगतज्ज्ञ हा डॉक्टर असतो; कॉस्मेटॉलॉजिस्ट हा डॉक्टर नसतो. चट्टा, संसर्ग किंवा एकाएकी बदललेला तीळ दिसला, तर त्यावर क्रीम चोळत न बसता ग्राहकाला डॉक्टरांकडे पाठवणे हे कॉस्मेटॉलॉजिस्टचे कर्तव्य ठरते. ज्या प्रशिक्षणात हे शिकवले जात नाही, आणि अवजारे आधी धुऊन मग निर्जंतुक करण्याची सवय लावली जात नाही, ते नामांकित असले तरी मी सुचवत नाही.

बोलता बोलता माझे लक्ष मुलीच्या हातांकडे गेले. बोटांच्या पेरांवरची त्वचा कोरडी होती, बारीक भेगाही होत्या. विचारल्यावर लहानपणापासून एक्झिमा असल्याचे तिने सांगितले. सारा वेळ प्रतिष्ठेवर बोलण्यात गेला होता, पण माझ्या मते खरी अडचण ही होती. सतत ओले राहणारे हात, शाम्पू आणि रंग यांमुळे केशरचनाकारांमध्ये हातांचा त्वचादाह नेहमी आढळतो आणि ज्यांना आधीच एक्झिमा आहे, त्यांना तो होण्याची शक्यता अधिक असते.

तेव्हा आम्ही प्रवेशाचा निर्णय पुढे ढकलला. आधी त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यायचा, नायट्राइलचे हातमोजे घालून दिवसभर काम जमते का ते पाहायचे आणि केसांचे काम झेपणारे नसेल, तर मेकअपसारख्या कमी ओल्या कामाच्या शाखेचा विचार करायचा, असे ठरले. डॉक्टरांची वेळ घेण्याचे काम वडिलांनी स्वतःकडे घेतले.