बोस्टनमध्ये यांकीजची, म्हणजे न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघाची, टोपी घालणार असशील तर...
घाल बिनधास्त! फक्त सप्टेंबर उजाडला की टोमणे झेलायची तयारी ठेव. ऑफिसात कुणी नुसतं ‘२००४’ म्हणालं तरी समजून जा: सात सामन्यांच्या मालिकेत ३-० अशी आघाडी घेऊनही यांकीज तेव्हा बोस्टनच्या रेड सॉक्सकडून सलग चार सामने हरले होते. उत्तरादाखल यांकीजची २७ विजेतेपदं ऐकव, नाहीतर १९७८चा यांकीजच्या बकी डेंटचा रेड सॉक्सविरुद्धचा होमरन काढ; जुनी मंडळी अजून कळवळतात. ‘१९१८’ मात्र आता चालत नाही; त्या सालानंतरचा रेड सॉक्सचा विजेतेपदाचा दुष्काळ २००४मध्येच संपला. पैज कॉफीपुरतीच लाव. खेळाडूच्या दुखापतीवर विनोद नको, ते मला अजिबात खपत नाही. आणि रेड सॉक्स प्लेऑफ म्हणजे बाद फेरीआधीच गारद झाले, तर दोन दिवस गप्प राहा. मग काय चिडवायचं ते चिडव.