संख्याशास्त्राची पदवी आणि सामाजिक संस्थेतील काम

प्रश्न : मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मला आरोग्य किंवा शिक्षण क्षेत्रातील सामाजिक संस्थेत काम करायचे आहे. अशा संस्थांना माझ्या विषयाचा खरोखर उपयोग असतो का? बाबांच्या मते तिथे फक्त देणगीदारांसाठी अहवाल भरावे लागतात. पुढे कोणते शिक्षण घ्यावे?

उत्तर : तुमच्या बाबांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. अनेक संस्थांमध्ये माहिती गोळा होते ती देणगीदाराच्या तक्त्यातील रकाने भरण्यापुरतीच. किती शिबिरे झाली आणि किती लाभार्थी आले, एवढ्यावर वर्षाचा हिशेब संपतो आणि त्या शिबिरांमुळे कोणाच्या आयुष्यात काय बदलले, हे विचारले जात नाही. मात्र याच क्षेत्रात संख्याशास्त्राच्या आधारे कामाची दिशा ठरवणाऱ्या संस्थाही आहेत आणि त्यांपैकी एक महाराष्ट्रातच आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बालमृत्यूंच्या प्रश्नावर काम करताना प्रत्येक जन्माची आणि मृत्यूची नोंद ठेवली, मृत्यूचे कारण कुटुंबीयांशी बोलून शोधले आणि निवडलेल्या गावांची तुलना उपक्रम नसलेल्या गावांशी केली. न्यूमोनिया ओळखण्यासाठी बाळाचे श्वास मोजणे आवश्यक होते, परंतु गावातील अनेक दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते. त्यासाठी मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले साधे उपकरण तयार करण्यात आले. मोजमाप करणाऱ्या व्यक्तीच्या क्षमतेप्रमाणे साधन बदलणे हा या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे, कारण एरवी आपण आपल्या साधनाप्रमाणे माणसे निवडतो. पुढे गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. या प्रयोगाचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, तुलनेतील गावांच्या मानाने नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसले. 2011 पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे या पुराव्याचा मोठा वाटा होता.

दुसरे उदाहरण आरोग्यसेवांवरील लोकाधारित देखरेखीचे. महाराष्ट्रात 2007 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत हे काम सुरू झाले आणि त्याच्या समन्वयात पुण्याच्या ‘साथी’ संस्थेची प्रमुख भूमिका होती. गावातील समिती प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषधे, परिचारिकेच्या भेटी यांसारख्या बाबींची माहिती घेई, तिचे हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत प्रगतिपत्रक तयार करी आणि जनसुनवाईत ते अधिकाऱ्यांसमोर ठेवी. येथे सरासरी किंवा प्रमाण विचलन हे शब्दही उच्चारले जात नाहीत, पण माहिती ज्यांच्याविषयी आहे त्यांनाच ती वाचता येते आणि तिच्या आधारे जाबही विचारता येतो. तुम्ही वर्गात शिकलेला नमुना निवडीचा, म्हणजे सर्वांऐवजी नेमके कोणाला विचारायचे हे ठरवण्याचा, धडा येथे निरुपयोगी ठरत नाही. उलट समितीत वस्तीवरच्या, दलित किंवा आदिवासी कुटुंबांतील स्त्रियांचे म्हणणे आले आहे की सरपंचाच्या ओसरीवर बसलेल्यांचेच, हे ओळखण्यासाठी तो लागतो.

शिक्षणाबाबत माझा सल्ला असा की, पदव्युत्तर प्रवेशाआधी शक्य असल्यास वर्षभर क्षेत्रकार्य करावे. प्रश्नावली घेऊन दारोदार फिरल्याशिवाय ‘माहीत नाही’ या उत्तरामागे लाज आहे, भीती आहे की खरेच अज्ञान आहे, हे कळत नाही. त्यानंतर आकडेवारीकडे अधिक ओढा असेल तर मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहावी. समाजकार्य किंवा विकास अभ्यासाकडे असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची मुंबई आणि तुळजापूर येथील केंद्रे पाहावीत. एक्सेल चांगले येत असेल तर आता आर ही आकडेवारीच्या विश्लेषणासाठीची संगणकीय भाषा शिकावी आणि मोबाइलवर सर्वेक्षण घेण्यासाठी कोबो टूलबॉक्स वापरून पाहावे. दोन्ही विनामूल्य उपलब्ध आहेत. लोकांच्या आरोग्याची किंवा जातीची माहिती हाताळताना संमती आणि गोपनीयता यांचे नियम माहीत असणेही आता टाळता येणार नाही, कारण 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याच्या कक्षेत संस्थाही येतात.

पगाराची बाजू बाबांशी स्पष्ट बोलावी. मूल्यमापन आणि संशोधन करणाऱ्या संस्था तुलनेने बरे वेतन देतात, गावपातळीवरच्या छोट्या संस्था कमी देतात, आणि बहुतेक नेमणुका प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या असतात. म्हणून मुलाखतीत वेतनाबरोबर एक प्रश्न जरूर विचारावा : मागील सर्वेक्षणानंतर तुम्ही कोणता उपक्रम बदलला किंवा बंद केला आणि ते गावातल्या लोकांना कसे सांगितले? उत्तरादाखल एखादा ठोस प्रसंग ऐकायला मिळाला, तर तेथे कमी पगारातही पहिली दोन वर्षे काढण्यासारखी आहेत. नुसता गुळगुळीत कागदावरचा वार्षिक अहवाल पुढे सरकवला गेला, तर दुसऱ्या संस्थेकडे अर्ज करावा.