वाचकांचे प्रश्न : बापाची शिफ्ट आणि लेकराचं पाळणाघर

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज एमआयडीसीत कामाला आहे, राहायला बजाजनगरात. बायको खासगी दवाखान्यात नर्स आहे. मुलगी चौदा महिन्यांची. एका पाळणाघराचे महिना 1,800 रुपये, दुसऱ्याचे 4,500. परवाना दोघांकडे आहे म्हणतात. मग एवढा फरक कशाचा?

उत्तर : आधी तो परवाना जवळ जाऊन वाचा. फ्रेम करून लावलेला कागद बहुतेक वेळा शॉप ॲक्टचा (दुकाने-आस्थापना कायद्याचा) निघतो, नाहीतर उद्यम म्हणजे लघुउद्योगाच्या नोंदणीचा. राज्याच्या 2017च्या शॉप ॲक्टप्रमाणे थोडेच कामगार असतील तर नुसतं ऑनलाइन कळवलं की झालं. उद्यम तर स्वतः भरलेल्या माहितीवरच मिळतं. यातल्या एकाही कागदासाठी कुणी येऊन लेकरांची खोली बघितलेली नसते. कागद असावा, पण तपासणी तुमच्याच गळ्यात आहे असं समजा. सांभाळणाऱ्या मावश्यांची पोलीस चारित्र्य पडताळणी झाली आहे का, ते मात्र मागून बघा. यात संकोच नको.

आता दर. अंदाजाने हिशोब मांडू. दोन मावश्यांचे 14,000, भाडं 6,000, लाइट-गॅस-दूध-फिनाइल 3,000, म्हणजे 23,000 खर्च. 1,800 दराने तेरा लेकरं झाली तरच तो निघतो, आणि पाळणाघर चालवणाऱ्या बाईच्या हातात तेव्हाही जवळजवळ काहीच उरत नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे आठच मुलं’ असं कुणी सांगितलं, तर एक तर मावशी एकच आहे किंवा लेकरं आठ नाहीत. अपवाद एक : स्वतःच्या घरात चार-पाच लेकरं सांभाळणारी बाई. तिला भाडं नाही, पगार नाही, तिथे 1,800 खरे असू शकतात. तिला एवढंच विचारा, की ती आजारी पडली तर लेकरं कोण बघणार?

मापासाठी केंद्र सरकारची 2018ची पाळणाघरांची मार्गदर्शक तत्त्वं वापरा. ती कंपन्यांच्या पाळणाघरांसाठी लिहिलेली आहेत, पण फूटपट्टी म्हणून कुठेही चालतात. एका लेकरामागे 10 ते 12 चौरस फूट जागा. 10 बाय 12ची खोली असेल तर दहा-बारा लेकरं, आणि कपाट-पाळणे ठेवल्यावर खरं तर आठ-नऊच.

बघायला जायची वेळ दुपारी एक ते अडीच, न सांगता. सकाळी दहाला सगळीच पाळणाघरं छान असतात. दुपारी शाळेतून मोठी पोरं येतात, एक मावशी जेवायला बसते, दुसरी वाढत असते, आणि पाळण्यातल्या लेकरांकडे कुणाचं लक्ष नसतं. तुम्हाला आत सोडतात का, यावरूनही बरंच कळतं.

मग पाणी बघा. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो, म्हणून न्हाणीघरात निळे ड्रम आणि बादल्या भरून ठेवलेल्या असतात. चौदा महिन्यांचं लेकरू बादलीत वाकलं तर डोकं जड असल्याने त्याला परत उठता येत नाही, आणि बुडायला वीतभर पाणीही पुरतं. ड्रमला घट्ट झाकण आणि न्हाणीघराच्या दाराला बाहेरून वर कडी, या दोन गोष्टी नसतील तर तिथून निघा. उन्हाळ्यात कूलरही बघा. पत्र्याच्या कूलरची अर्थिंग नसेल तर ओल्या हाताला करंट बसतो. तो लेकराच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी, शक्यतो खिडकीबाहेर हवा. एवढं बघायला दहा मिनिटं लागतात.

राहता राहिली शिफ्ट. पहिल्या शिफ्टची बस पहाटे, पाळणाघर मात्र नऊला उघडणार. मधले दोन-तीन तास कोण सांभाळणार ते आधी ठरवा, मग प्रवेश घ्या. जादा पैसे देऊन लवकर घ्यायला मावशी तयार असेल तर तिचा तासाचा दर आणि उशिरा नेल्याचा दंड चिठ्ठीवर लिहून घ्या. फॉर्मवर बऱ्याचदा आईचाच मोबाईल मागतात. बायको ड्युटीवर फोन उचलू शकत नसेल तर पहिला नंबर तुमचा लिहा, आणि लेकरू न्यायला कोण येऊ शकतं त्यांचे फोटो द्या. पहिल्या आठवड्यासाठी रजा हाताशी ठेवा. पहिल्या दिवशी एक तास तुम्ही तिथेच बसून, मग रोज थोडं वाढवत. या वयात लेकरू आई-बापाला फार चिकटतं. सरळ नऊ तास ठेवलं तर ते रडून तापतं आणि चौथ्या दिवशी घरी येतं.

प्रश्न : आमच्या ऑफिसात साठ-सत्तर जण आहोत. पाळणाघराचं विचारलं तर ‘ते बायकांसाठी’ म्हणाले.

उत्तर : मातृत्व लाभ कायद्यात 2017च्या दुरुस्तीने 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली. नोव्हेंबर 2025पासून ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. त्यात रोज चार वेळा लेकराला भेटायची सवलत आईला आहे, त्यावरून हा गैरसमज. राज्याच्या 2017च्या दुकाने-आस्थापना कायद्यात मात्र 50 कामगारांच्या अटीवर ‘कामगारांच्या मुलांसाठी’ सोय आहे, त्यात बाप येतोच. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. एकट्याने दिला तर फाइलला लागतो, म्हणून लहान लेकरं असलेल्या चार-पाच जणांनी मिळून द्या.

प्रश्न : लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषद शिक्षक आहे. पत्नी वारली. मुलगा दोन वर्षांचा. खर्चाला काही आधार?

उत्तर : राज्य कर्मचाऱ्यांची 180 दिवसांची बालसंगोपन रजा पत्नी हयात नसलेल्या पुरुषालाही मिळते. पत्नीच्या मृत्यूचा दाखला आणि मुलाचा जन्मदाखला जोडून मुख्याध्यापकांमार्फत अर्ज करा.

शिवाय एक पालक गेलेल्या लेकरासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिना 2,250 रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात, निर्णय बालकल्याण समितीचा. तुमच्या पगारावर पात्रता बसते का ते अर्जाआधीच तिथे विचारा.

तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडेही चक्कर मारा. मिशन शक्तीतल्या ‘पालना’ योजनेत अंगणवाडीला जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी पाळणाघर असतं. ते सगळीकडे नाही. साधी अंगणवाडी सकाळचे काही तासच, तिच्यावर नोकरी निभत नाही.

प्रश्न : पाळणाघराची फी आयकरात वजा होते का?

उत्तर : सांभाळण्याची नाही. प्लेग्रुप-नर्सरीची शिकवणी फी मात्र जुन्या करप्रणालीत 80सी खाली (एप्रिल 2026पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलम 123), दोन मुलांपर्यंत धरता येते. शाळा आणि डे केअर एकाच इमारतीत असेल तर पावत्या वेगळ्या करून मागा. एकत्र पावतीवरून नुसती शिकवणी फी किती, हे नंतर दाखवता येत नाही.