वाचक विचारतात: बल्गेरियात सासूबाईंना काय खायला घालू?

प्रश्न: ताई, सप्टेंबरमध्ये आम्ही आठ दिवस बल्गेरियाला जातोय, सोफिया, प्लॉवडिव नि शेवटी समुद्रावर वार्ना. सोबत सासूबाई आहेत, वय ६८, पक्क्या शिवराक, अंडंसुद्धा चालत नाही. त्या आत्तापासून म्हणतायत मी आपली पोहे नि लोणचं घेऊन येते. आमच्या ह्यांना फक्त राकियात, म्हंजे तिथल्या दारूत, इंटरेस्ट. तिथलं पारंपरिक असं आम्ही काय खावं-प्यावं? – एक वाचक, म्हापसा

उत्तर: पोहे घ्या, लोणचं पण घ्या, पण बॅग भरून नको. माझी मुलगी प्लॉवडिवला मेडिकलला होती त्या निमित्ताने मी दोनदा जाऊन राहिले, एकदा तर जवळजवळ दोन महिने, नि पहिल्या खेपेला मी पण अशीच अर्धी बॅग सोलं, तिखट, उकडे तांदूळ असं काय काय भरून नेलं होतं, त्यातलं निम्मं तसंच परत आणलं. आणि हो, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे नि मटणाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हंजे तुपाची बरणी नि पेढे सासूबाईंनी घरीच ठेवायचे.

सप्टेंबर म्हणालात ते बेस्ट केलंत. तेव्हा तिथे लाल मिरच्यांचा सीझन असतो, तिखट नव्हे हं, लांबट गोड, आपल्या ढोबळीच्या जातीच्या, नि आख्ख्या बिल्डिंगी त्या भाजत बसलेल्या असतात. त्यासाठी त्यांच्याकडे चुश्कोपेक म्हणून एक यंत्र असतं, उभा डबा, आत विजेची कॉइल, वरून मिरची सोडायची, झाकण ठेवायचं, थोड्या वेळात साल काळं. मुलीच्या शेजारची आजी बाल्कनीत स्टुलावर बसून संध्याकाळभर हेच करायची, भाजलेली मिरची पातेल्यात टाकायची, वर ताट झाकायची, नि वाफेने सुटलेलं साल बोटांनी काढायची, नळाखाली अज्जिबात धरायची नाही, चव धुवून जाते म्हणे. भरताच्या वांग्याला माझी आई हेच सांगायची. मग ह्या मिरच्या टोमॅटोबरोबर आटवून आटवून ल्युतेनित्सा करतात, चटणीसारखं, पावाला फासून खायचं. दुकानातल्या बरणीतलं पण मिळतं पण कोणी घरचं दिलं तर नाही म्हणू नका. आणि वांगं भाजून, त्यात ही मिरची, लसूण, तेल, थोडं व्हिनेगर घातलं की क्योपोलू. सासूबाईंना नाव सांगूच नका, भरीत आहे म्हणून वाढा. तिखट कमी वाटेल तेवढंच, तुमच्या डबीतलं वर भुरभुरा.

शोप्स्का सॅलड तर जागोजागी दिसेल. टोमॅटो, काकडी, मिरची, कांदा नि वर सिरेने ह्या पांढऱ्या खारट चीजचा किसून ढीग. पांढरा, हिरवा, लाल असा त्यांच्या झेंड्याचाच रंग होतो. गंमत म्हंजे हे काही पिढ्यान्‌पिढ्यांचं नाही, १९५०-६० च्या सुमारास तिथल्या सरकारी टुरिझमवाल्यांनी, बाल्कनटुरिस्टने, टुरिस्टांसाठी बसवलेलं आहे, पण आता विचाराल तर सगळे आमचं परंपरेचं म्हणून सांगतील. तारातोर नक्की घ्या, पातळ दह्यात काकडी, लसूण, अक्रोड नि शेपू, गार करून वाटीत. शेपू म्हटल्यावर आमच्या घरात निम्मे लोक नाक मुरडतात, तिथे मुरडत नाहीत. बीन्सचं सूप असतं बोब चोरबा, त्यात पुदिन्याच्या जातीचा पाला घालतात, फार छान लागतं, फक्त कधी कधी त्यात सॉसेज सोडलेला असतो, म्हणून ‘बेझ मेसो’ म्हणायचं, म्हंजे मटणाशिवाय.

आता अंड्याचं. बानित्सा हा त्यांचा सकाळचा खाणा, पातळ पापुद्रे, आत सिरेने, बेकरीतून गरमगरम कागदात गुंडाळून लोक चालता चालता खातात, पण त्यात अंडं हमखास, म्हणून तुम्ही दोघं खा, सासूबाईंसाठी तिक्वेनिक मागा, तीच पापुद्र्यांची पण आत लाल भोपळा, साखर, अक्रोड, दालचिनी, आपल्या भोपळ्याच्या घारग्यांच्या जवळची चव. तिच्यात सहसा अंडं नसतं, तरी विचारून घ्या. आणि एक शब्द पाठ करा, ‘पोस्त्नो’, म्हंजे उपासाचं. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपासाला मटण, अंडं, दूध सगळंच वर्ज्य, त्यामुळे ‘शाकाहारी’ म्हटल्यावर ऑम्लेट पुढे करणाऱ्या बाईलासुद्धा पोस्त्नो बरोब्बर कळतं. सासूबाई अगदीच कडक असल्या तर सिरेने पण टाळा, ते जमवायला बऱ्याचदा वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात.

विचारून घ्या म्हणतेय खरी, पण तिथे मान कशी हलवतात ते आधी समजून घ्या. तिथे नाही म्हणायला मान वरखाली नि हो म्हणायला आडवी. आमचे हे सोमवारी शिवराक असतात. एका सोमवारी मुलगी कॉलेजात नि आम्ही दोघंच जेवायला गेलो, ह्यांनी एका पांढरट सूपकडे बोट दाखवून ‘मीट?’ विचारलं, वाढणाऱ्या पोरीने मान आडवी हलवली, हे खूश. दोन वाट्या संपवल्या, वर लसूण-व्हिनेगर ओतून, दूध घातलेलं दिसतंय म्हणून माझ्यासमोर कौतुक. ते होतं श्केंबे चोरबा, जनावराच्या पोटाचं, वजडीचं सूप, तिकडे रात्री जास्त झालेली उतरवायला सकाळी पितात. संध्याकाळी मुलीला वर्णन करून सांगितलं तर ती हसून हसून लोळली. हे त्यावर गप्प, पुढचे दोन सोमवार नुसत्या दही-पावावर. टुरिस्ट दिसला की काही पोरं उलटी आपल्यासारखी मान हलवतात, म्हणून मानेकडे बघूच नका, तोंडाने वदवून घ्या, ‘दा’ म्हंजे हो, ‘ने’ म्हंजे नाही.

तुम्ही दोघं खाता तर काव्हार्मा घ्या, मातीच्या भांड्यात मटण नि भाज्या मंद शिजवलेलं, नि वार्नाला पोचलात की त्सात्सा, काळ्या समुद्राचे बोटाएवढे मासे, डोक्यासकट तळलेले, वर लिंबू. आपली तळलेली मांदेलीच, फक्त मसाला नाही, मीठ नि पीठ. पहिल्या प्लेटला हे म्हणाले ह्याला रवा लावायला हवा होता, दुसऱ्या प्लेटला काही बोलले नाहीत.

राकियाबद्दल तुमच्या ह्यांना सांगा की तिला फेणीसारखी समजा नि समजू नका. समजा अशासाठी की ती पण फळाचीच, द्राक्षाची जास्त, प्लमची, जर्दाळूची, तांब्याच्या भांड्यात गाळलेली, गावागावात शरदात भट्टी लागते नि प्रत्येकाला आपल्या काकाचीच सगळ्यात चांगली वाटते, अगदी आपल्याकडे हुर्राकच्या, काजूच्या पहिल्या धारेच्या, दिवसांत होतं तसं. ट्रोयान गावची प्लमची नावाजलेली आहे. पण पिण्याची रीत वेगळी. लिम्का नाही, मीठ-मिरची नाही, काहीच मिसळायचं नाही. जेवणाआधी, गारेगार, छोट्या ग्लासात, नि सोबत शोप्स्का सॅलड असलंच पाहिजे, सॅलडशिवाय राकिया म्हंजे तिथे चेष्टाच. ‘माल्का’ मागितलीत तर ५० मिली, ‘गोल्यामा’ म्हंजे १००, तिथेच फसतात आपले लोक. चाळीस टक्क्यांच्या पुढची असते, एका दमात मारायची नसते, एका सॅलडवर तास काढतात ती माणसं. ‘नाझद्रावे’, म्हंजे चिअर्स, म्हणताना समोरच्याच्या डोळ्यात बघायचं. सासूबाईंसाठी त्यावेळी मुर्साल्स्की चहा मागवा, रोडोपी डोंगरातला, पाल्याचा, दूध नाही, त्यात मध घाला. आणि पैसे आता युरोत द्यायचे, १ जानेवारी २०२६ पासून त्यांचं जुनं चलन लेव्ह गेलं, जुन्या ब्लॉगांवरचे भाव बघून घाबरू नका नि हुरळूही नका.

प्रश्न: बोझा नावाचं पेय असतं असं ऐकलं, ते दारू की सरबत? – फोंडा

उत्तर: दोन्ही नाही, आंबील. भरड धान्याचं, बहुतेक मिलेट किंवा गव्हाचं, शिजवून आंबवून साखर घातलेलं, दाट, मातकट रंगाचं. अल्कोहोल असतंच तर नावाला, पोरं शाळेत जाताना बानित्साबरोबर पितात. पहिल्या घोटाला बरेच टुरिस्ट ग्लास खाली ठेवतात, नाचणीची आंबील पिऊन वाढलेल्यांना काही वाटणार नाही, फक्त आपल्यात ताक-मीठ नि ह्यात गोड, तेवढा धक्का बसतो. बाटली उघडून दिवसभर बाहेर ठेवू नका, फसफसते. माझी बॅगेत फुटली होती.

प्रश्न: बल्गेरियन दह्याचं एवढं काय कौतुक? तिथलं विरजण आणून गोव्यात लावता येईल का? – डिचोली

उत्तर: कौतुक त्यांच्या मातीएवढंच माणसाचं पण आहे. १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह नावाच्या पोराने, जिनिव्हात मेडिकल शिकत असताना, घरच्या दह्यातला जिवाणू मायक्रोस्कोपखाली शोधला, म्हणून त्या जिवाणूच्या नावात बल्गेरिकस आलं. मग पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या मेचनिकोव्हने, ज्यांना १९०८ चं नोबेल मिळालं, दही खाणारी माणसं जास्त जगतात असं मांडलं नि जगभर नाव झालं. तिथल्या दह्यात बल्गेरिकस नि थर्मोफिलस हे दोनच जिवाणू, आपल्या घरच्या विरजणात मात्र कोण कोण नांदत असतं देव जाणे, त्यामुळे त्यांचं आंबटपणात एकसारखं, थोडं तीक्ष्ण, चमचा उभा राहील असं. घेताना डब्यावर त्यांचं सरकारी स्टँडर्ड, बीडीएस, लिहिलेलं बघा. म्हशीच्या दुधाचं दिसलं तर सोडू नका.

विरजण आणता येतं. डब्यातलं दही प्रवासात टिकत नाही, त्यापेक्षा तिथे वाळवलेल्या कल्चरच्या पुड्या मिळतात त्या घ्या. दूध उकळून, बोट बुडवून दहा मोजता येईल इतकं, साधारण ४३–४५ डिग्रीवर आणून पुडी घालायची नि टॉवेलात गुंडाळून ठेवायचं, आपल्यासारखं नुसतं कोमट चालत नाही, ह्यांना ऊब जास्त लागते. मी आणलं होतं. पहिलं अगदी तिथल्यासारखं लागलं, मुलीला फोटो पाठवला, दुसरं पण बरं होतं. मग त्याच दह्याचं विरजण ठेवत गेले, मध्ये पावसाळा लागला, नि सहाव्या-सातव्या खेपेला चाखून बघितलं तर आमच्या सासूबाई लावायच्या तेच दही.