कळ दाबली म्हणजे व्यसन नव्हे

प्रयोगातला उंदीर कळ दाबून कोकेन घेतो, एवढ्यावरून त्याला व्यसनी ठरवू नकोस. संधी मिळाली की बहुतेक उंदीर घेतातच. 2004 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी तीन कसोट्या लावल्या: कोकेन मिळत नसतानाही शोधत राहणं, त्यासाठी अफाट मेहनत घेणं आणि शॉक बसूनही न थांबणं. तिन्हींत बसले जेमतेम 17 टक्के. अभ्यासायचे ते हे.

कळ दाबणं अचानक बदललं, तर आधी कॅथेटर (उंदराच्या शिरेत कोकेन सोडणारी नळी) तपास, मग मेंदूबद्दल बोल.

मेंदूतल्या डोपामिनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणणं तर सोडच. त्याचा संबंध ओढीशी जास्त. आणि शक्य असेल तर उंदरापुढे अमली पदार्थासोबत दुसरा पर्यायही ठेवून बघ. 2018 च्या प्रयोगांत मेथाम्फेटामाइन या अमली पदार्थाऐवजी उंदरांनी बहुतेक वेळा दुसऱ्या उंदराची सोबत निवडली.