रिअ‍ॅलिटी शोमध्ये लोक स्वतःच्या मर्जीने जातात, मग त्यांच्या मनःस्वास्थ्याची जबाबदारी वाहिनीवर का?

मर्जीने जातात हे खरंच. पण सही होते ती चित्रीकरणाला. पुढे एडिट टेबलावर आपलं काय होणार, हे तेव्हा कुणालाच माहीत नसतं. मी मुंबईत काही वर्षं अशा कार्यक्रमांचं एडिटिंग केलंय. दिवसभराच्या फुटेजमधून तासाभराचा भाग निघतो. दुपारी कंटाळून केलेलं तोंड संध्याकाळच्या भांडणात जोडलं की ती मुलगी खडूस ठरते. मग शिव्या तिला पडतात, तिच्या आईवडिलांनाही पडतात. प्रतिमा ज्यांनी घडवली, जबाबदारी त्यांचीच, असं मी ठामपणे म्हणेन.

ब्रिटनमध्ये हे फार उशिरा मान्य झालं. आयटीव्ही या वाहिनीच्या ‘द जेरेमी काइल शो’मध्ये लोकांची घरगुती भांडणं प्रेक्षकांसमोर मांडली जायची, पॉलीग्राफ, म्हणजे खोटं पकडण्याची, चाचणीही व्हायची. त्या चाचणीत खोटा ठरवला गेलेला एक पाहुणा चित्रीकरणानंतर काही दिवसांतच मृतावस्थेत सापडला आणि मे २०१९ मध्ये कार्यक्रम कायमचा बंद झाला. ती आत्महत्या होती, पण कार्यक्रमाशी तिचा थेट संबंध सिद्ध होत नाही, असा निर्णय मृत्यूच्या चौकशीत २०२४ साली आला. मला वाटतं, नेमक्या याच कारणासाठी नियम आधी हवा. कुणी गेल्यानंतर दोष कुणाचा हे क्वचितच ठरवता येतं.

तिथल्या ऑफकॉम या नियामक संस्थेचा नियम ५ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. सहभागामुळे ज्यांना गंभीर इजा होण्याचा धोका आहे, त्यांची योग्य काळजी वाहिनीने घ्यायची. धोका कुणाला? प्रसिद्धीची सवय नसलेल्यांना, कृत्रिम वातावरणात ठेवलेल्यांना, भांडणावरच बेतलेल्या कार्यक्रमात आलेल्यांना. ‘लव्ह आयलंड’ या तिथल्या डेटिंग शोने घरी परतलेल्यांसाठी किमान आठ थेरपी सत्रं आणि चौदा महिने संपर्कात राहण्याची व्यवस्था जाहीर केली. खरी गरज तेव्हाच असते, कारण सेटवर निदान माणसं अवतीभोवती असतात. फ्रान्समध्ये तर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा एका शोमधल्या सहभागींना कामगारच मानलं.

आपल्याकडे लहान मुलांसाठी नियम आहेत. २०१७ पासून जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही, आणि कमाईतला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे मुदतठेवीत. मोठ्यांची मात्र बहुतेक सगळी भिस्त करारावर.

म्हणून ओळखीतलं कुणी ऑडिशनला निघालं असेल, तर करार आधी वकिलाला दाखवा. समुपदेशक कोण असेल, शो संपल्यावर किती महिने मदत मिळेल, मध्येच बाहेर पडल्यास दंड किती, हे सगळं सहीच्या आधी लेखी घ्या.